मर्सिडीज नावाच्या पोरीची ओटी

मथुराआत्या, तुझं नाव अजून गाडीच्या पुढच्या काचेवर आहे. वरच्या पट्टीवर, पिवळ्या रेडियममध्ये. तुझे दिवस झाले, मंडपवाल्याने खुर्च्या नेल्या, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि आमच्या घरात पहिला वाद झाला तो याच अक्षरांवरून. आई म्हणाली, गेलेल्या माणसाचं नाव चालत्या गाडीवर ठेवू नये. बाबा म्हणाले, माझ्या बहिणीचं नाव मी काढणार नाही. माझा भाऊ म्हणाला, रेडियम तसंही सोलायला लागलंय.

काल सकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सुमे, तिथं आता तुजं नाव लावू. तिला बरं वाटंल." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "आन् सोमवारी कचेरीत चल. खाडीकडच्या तुकड्याच्या हक्कसोडीवर तुजी सही लागते. वकील बोलतो, कायदा बदललाय, आता पोरींचीबी लागते."

एका दमात दोन्ही. काचेवर नाव आणि कागदावर सही. तुझ्या वेळीही असंच होतं, आठवतं? फक्त तुझ्या वेळी सही आधी झाली आणि नाव नंतर आलं. सोमवार उद्यावर आलाय, आणि ज्या एका माणसाशी मला यावर भांडायचं आहे ते माणूस आता उरलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

भांडण आपलं जुनंच. तुझ्या नारपोळीच्या खोलीत, बाजूच्या यंत्रमाग कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात, आपण ओरडून बोलायचो. शेजाऱ्यांना वाटे आत्या-भाचीचं हाडवैर आहे. तू कांड्या भरत बसलेली असायचीस, सूत तुझ्या बोटांतून धावत असायचं आणि मी उभ्या उभ्या भाषण ठोकायचे. माझं तरी काय चुकलं? आईच्या भावाच्या छापखान्यात मी लहानाची मोठी झाले. बोनसची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची पत्रकं, लूम कामगारांच्या पाळीची पत्रकं. ओल्या शाईचा वास मला उटण्याच्या वासासारखा ओळखीचा होता. आमच्याकडे वाक्यं छोटी असत आणि उद्गारचिन्हं भरपूर. बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा यावर मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक तुला आणून दिलं तेव्हा तू ते उलटसुलट करून पाहिलंस. म्हणालीस, "कागद जाड हाय गो. सुकट बांधाया बरा."

मी चिडले. मग तू मला वाचायला लावलंस. 'हक्क मागा, दया नको!' इथपर्यंत आले तेव्हा तू मान हलवलीस. "चांगला लिवलाय. पन सुमे, तुज्या पत्रकात सगली मानसं उभीच गो. बसतात कवा? जेवतात कवा?"



तेव्हा आपल्या कोन गावची मोठी जमीन विकायची ठरली होती. रस्त्याला लागून असलेली भातखाचरं, तुझ्या बापाची. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर बाबांचं आणि तुझं अशी दोन नावं चढली होती, बाळाराम आणि मथुरा. गोदामवाल्याला जमीन मोकळी हवी होती, म्हणून तुझ्याकडून हक्कसोड, वाटा सोडल्याची सही, हवी होती. त्या दिवसांत कोन, राजणोली, सगळ्या पट्ट्यात हेच चाललं होतं. कचेरीच्या आवारात नऊवारीतल्या बायका रांगेने बसलेल्या असत. कुणी सांगायची भाऊ चांगला आहे, कुणी काहीच सांगायची नाही. अंगठा उमटायचा, फोटो निघायचा, भाऊ बाहेर आणून उसाचा रस पाजायचा. की झालं, बहिणीचं नाव बापाच्या जमिनीवरून गेलं.

मी तुला म्हटलं होतं, सही करू नकोस. तुझा नवरा गेलाय, तुझ्या लेकाला, रवीला, एका पाळीची रोजी मिळते, तुझी छाती कापसाच्या धुळीने भरलीय. अर्धी नको, चतकोर तरी मागून घे. कायदा तुझ्या बाजूने आहे.

"कायदा माज्या बाजूला हाय," तू म्हणालीस. "पन कायदा भाऊबीजेला दार उघडील काय?"

"दार उघडायला अर्धी जमीन द्यायची?"

"अगो, माह्यार काय जमिनीच्या तुकड्यात असतं? मी मेले तर अंगावर भावाचं लुगडं पडलं पायजे. न्हायतर बाया बोलतील, हिला कोन न्हवतं."

मी म्हणाले, मेल्यावरच्या लुगड्यासाठी जिवंतपणीची भाकर सोडणारी बाई मूर्ख असते. हे वाक्य मी पत्रकातल्यासारखं म्हणाले, जोरात. तू सूत तोडलंस, गाठ मारलीस, आणि म्हणालीस, "चाय ठेव."

तू सही केलीस. एवढंच भावाला म्हणालीस, की खाडीकडचा तुकडा विकू नको, तिथल्या बांधावर मी वाल लावीन. बाबांनी तुझ्या गळ्याची शपथ घेऊन हो म्हटलं. त्यांनी खोटी शपथ घेतली असं मी म्हणणार नाही. तुम्हां दोघांची आई लवकर गेली, तू त्यांना कडेवर घेऊन वाढवलंस, हे ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला, थोडी प्यायल्यावर तर नक्कीच सांगतात आणि रडतात. ते रडणं खरं असतं. म्हणूनच मला ते अजून सहन होत नाही.

मग गाडी आली. गावात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी उंच, दांडग्या गाड्या घेतल्या, लग्नाला डझनभर माणसं कोंबता येतील अशा. बाबांनी मात्र मुंबईच्या कुठल्याशा दलालाकडून जुनी, पांढरी मर्सिडीज आणली. कोनमध्ये ती पहिलीच. गल्लीत शिरताना तिचं पोट गतिरोधकाला घासलं तो आवाज ऐकून अख्खं गाव बाहेर आलं. पोरं पुढच्या चांदणीला हात लावून पळत होती. बाबा हार घातलेल्या नवरदेवासारखे उभे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टपावर आमच्या कोंबड्या बसायला लागल्या.

मला तो दिखावा बघवत नव्हता. छापखान्यात रद्दीत आलेल्या एका रविवारच्या पुरवणीत मी त्या नावाची गोष्ट वाचली होती. बाबांची चांगली जिरवावी म्हणून ती मी घेऊन आले आणि ओटीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवली. तूही होतीस, वाल सोलत बसलेली.

गोष्ट अशी होती. शंभर वर्षांपूर्वी युरोपात एक श्रीमंत व्यापारी होता. त्याला मोटारींचं वेड. तो शर्यतीत उतरायचा तेव्हा स्वतःच्या नावाऐवजी आपल्या लाडक्या मुलीचं नाव लावायचा. मुलीचं नाव मर्सिडीज. मग त्याने कारखानदाराला सांगितलं, मला नव्या पद्धतीच्या वेगवान गाड्या बनवून दे, खूप घेतो, पण त्यांना नाव माझ्या लेकीचं पाहिजे. गाड्या शर्यती जिंकल्या आणि नाव जगभर झालं. नाव स्पेनच्या भाषेतलं. अर्थ कृपा, दया.

माझा डाव होता की आता म्हणावं, बघा, ज्या नावाचा अर्थ दया, ती गाडी बहिणीचा हक्क घेऊन आली. पण मला तेवढी संधीच मिळाली नाही. बाबा उठूनच उभे राहिले. डोळे चमकत होते त्यांचे. "म्हंजे पोरीचं नाव? त्या सायबानं पोरीचं नाव लावलं? अरे, हे तर आपलंच झालं! आपन न्हाय लावत गाडीवर पोरांची नावं?" आणि तुझ्याकडे वळून, "मथुरे, माज्या गाडीवर तुजं नाव लागंल!"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तू वाल सोलणं थांबवलंस. लाजलीस. आणि मग, इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं, विचारलंस, "सुमे, मग त्या पोरीला गाडी मिलाली काय?"

मी पुरवणी उलटून पाहिली. त्यात नव्हतं.

बाबा तुला आणि मला घेऊन रेडियमवाल्याकडे गेले. तो उत्तरेकडचा. नाव ऐकून खूश झाला. "मथुरा? वाह! आप उधर के हो क्या, सेठ? हमारा भी गाँव उधर ही पड़ता है." बाबा म्हणाले, "गाँव नहीं, बहन है हमारी." त्याने मागच्या सीटवर बसलेल्या तुझ्याकडे पाहिलं, कात्री चालवता चालवता म्हणाला, "अच्छा है. गाड़ी दीदी की है, तो नाम भी दीदी का." बाबांनी पाकीट काढलं. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. मी हसले नाही. आज वाटतं, हसायला हवं होतं.

नव्या गाडीला देवीपुढे न्यायची म्हणून आपण वज्रेश्वरीला गेलो. तू पाय वर घेऊन बसलीस, खालचं कापड मळेल म्हणून. वाटेत प्रत्येक गाव तुला खिडकीतून नव्याने दिसत होतं. आधी ते सगळं तू एसटीच्या गर्दीत उभं राहून पाहिलेलं. देवीची ओटी भरलीस, कुंडाचं गरम पाणी डोळ्यांना लावलंस आणि बाहेर आल्यावर दुकानातून दुसरा खण घेतलास, दुसरा नारळ घेतलास. मला वाटलं, घरी न्यायला. तू गाडीपुढे जाऊन उभी राहिलीस.

"आत्या, काय करतेस?"

"ओटी भरते. पोरगी हाय ना ती? नाव हाय म्हनतेस पोरीचं. पोर दारात आली आन् ओटी भरल्याबिगर धाडायची?"

बाबा म्हणाले, "अगं, नारळ फोडतात गाडीला. ओटी कसली?"

"तू नारल फोड तुजा. माज्या कपाली कुंकू न्हाय, तरी मी माजी ओटी भरते."

तू त्या चांदणीला हळदकुंकू लावलंस. बॉनेटवर खण पसरलास, त्यावर ओंजळीने तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ. आजूबाजूला सहलीला आलेले लोक थांबून पाहत होते, एक पोरगा फिदीफिदी हसत होता. तू पदर पुढे घेऊन नमस्कार केलास, माहेरवाशिणीला करतात तसा. आणि म्हणालीस, "कंचीबी असूं दे. बापानं नाव दिलं, बाकी काय दिलं न्हाय दिलं देवीला ठावं. ओटी तरी भरली पायजे."

मी तेव्हा मनात तुला भोळी म्हटलं होतं. या आठवड्यात तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतोय आणि मला तो तसा दिसत नाही. बाबा तुझ्या तोंडाकडे बघत होते, आणि नारळ फोडताना त्यांचा हात पहिल्यांदा चुकला. तू कुणाला काय सांगत होतीस, आत्या? मी बाजूलाच उभी होते. पत्रकाशिवाय काही बोललं जातं हे मला माहीत नव्हतं.

तुला गाडी आवडायची हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी तुला माझ्या पत्रकातली बाई करून टाकीन. भाऊबीजेला बाबा न्यायला आले की तू म्हणायचीस, "गल्लीत हॉर्न मार रे बाल्या, बंद दारं उघडू दे." नारपोळीच्या त्या गल्लीत, जिथे हातगाडीलाही वळताना विचार करावा लागतो, तिथून ती पांढरी गाडी मागे मागे घेत बाहेर काढायला अर्धी गल्ली मदतीला यायची आणि तू आत राणीसारखी बसायचीस. खिडकीतून शेजारणीला हाक मारायचीस, "येतंस काय गो माज्या माह्यारी?" त्या हाकेसाठी तू सही केली होतीस. मला ते पटत नव्हतं. पण त्या क्षणी तुझा चेहरा खोटा नव्हता.

पण दुसराही एक दिवस होता. थंडीत तू एकटीच रिक्षाने आलीस, पदरात राखेत घोळवलेलं वालाचं बी घेऊन. खाडीकडच्या तुकड्याकडे जायची वाट आता गोदामाच्या फाटकातून होती. मी तुझ्याबरोबर होते. रखवालदाराने काठी आडवी धरली. "किससे मिलना है?"

तू म्हणालीस, "वाल लावायचा हाय."

"कौन वाल? माल का गेट पास दिखाओ."

मी भांडायला सुरुवात केली. ही जमीन कुणाची, तुला माहीत आहे का, वगैरे. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि कागदावर तो बरोबर होता. तेवढ्यात मागून बाबा गाडी घेऊन आले. हॉर्न वाजला. रखवालदाराने काठी बाजूला केली, टाचा जुळवून सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं. गाडी आत गेली. काचेवर तुझं नाव होतं आणि तू फाटकाबाहेर उभी होतीस.

तू खूप हसलीस. "माज्या नावाला सलाम केलान गो! बघलास काय?" घरी येऊन सगळ्यांना त्याची नक्कल करून दाखवलीस, टाचा जुळवून. बाबाही हसले. मग तू मागच्या दारी हात धुवायला गेलीस आणि किती तरी वेळ आली नाहीस. मी पाहायला आले तर नळ चालू होता आणि तू कोरड्या हातांनी उभी. म्हणालीस, "पानी जाऊं दे जरा. गरम येतंय." थंडीचे दिवस होते, आत्या.

त्या वर्षी आपण वाल लावले. पुढच्या वर्षी तुला चालताना दम लागायला लागला. त्यानंतर तू बी नुसतं पाठवत राहिलीस, आणि लावायला कुणाला वेळ नव्हता.

तू गेलीस त्या सकाळी रवीचा फोन आला. बाबा खाली बसले ते उठेचनात. उठले तेव्हा एकच म्हणाले, "लुगडं." गावातल्या दुकानातलं चालणार नव्हतं. कल्याणला गेलो. दुकानदाराला झोपेतून उठवून त्यांनी मोरपिशी काठाचं, चांगलं जड नऊवारी निवडलं. हाताने कापड चाचपत होते, जणू तू नेसून बघणार होतीस. आई म्हणाली, रिक्षा करू, लवकर पोचू. बाबा म्हणाले, "न्हाय. माज्या बहिणीचं लुगडं तिच्या गाडीतून जाईल."

राजणोली नाक्याच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. आपल्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या गोदामांचा माल. इतकी बुटकी गाडी, की सगळीकडे फक्त चाकं दिसत होती. रवीचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. "मामा, कुठं हाव? बाया खोळंबल्यात. लुगडं आल्याशिवाय हलवायचं न्हाय बोलतात." बाबा हॉर्न वाजवत होते. गल्लीतली दारं उघडणारा तोच हॉर्न. कुणी ऐकत नव्हतं. मग ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले.

मी पुडकं त्यांच्या मांडीवरून उचललं आणि दार उघडून उतरले. दोन ट्रकांच्या मधून आडवी होऊन निघाले. एक क्लीनर वरून ओरडला, "ओ दीदी, मरना है क्या?" मी पळत होते. मीच, जिने म्हटलं होतं की मेल्यावरच्या लुगड्यासाठी भाकर सोडणारी बाई मूर्ख असते. नाक्यापलीकडे रिक्षा मिळाली. छातीशी धरलेलं ते पुडकं मी नारपोळीपर्यंत सोडलं नाही.

खोलीत तुला आंघोळ घालून ठेवली होती. कारखान्याच्या शेठने लूम बंद ठेवायला सांगितलं होतं. तुझ्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली, आणि पहिल्यांदाच मला ओरडून बोलावं लागणार नव्हतं. बायकांत कुजबूज सुरू झाली. भाऊ कुठे आहे? भावाच्या हातचं पाहिजे. मी सांगितलं, अडकलेत. कुणी म्हणाली, थांबू. कुणी म्हणाली, किती थांबायचं, ऊन चढलं. तुझी ती शेजारीण, जिला तू माहेरी यायचं आमंत्रण द्यायचीस, ती पुढे झाली.

"ही कोन? भाची ना? बालारामाची पोर? मग माह्यारचंच मानूस हाय की. टाक गो पोरी तू."

मी घडी मोडली. काठ उलटा पडला, त्या बाईने सुलटा केला. तुझ्या अंगावर माहेरचं लुगडं पडलं आणि ते माझ्या हातून पडलं. ट्रकांच्या रांगेतून पायी आलेलं. बाबा पोचले तेव्हा तुला उचललं होतं. ते नुसते शेवटच्या वळणावर खांदा द्यायला धावत आले. तुझ्या नावाची गाडी मागे नाक्यावर कुणाच्या तरी ताब्यात देऊन.

तेव्हापासून मला आपलं भांडण नीट लढताच येत नाही. तू म्हणायचीस, सही केली तरच लुगडं. मी म्हणायचे, लुगडं म्हणजे थोतांड. आणि झालं काय? लुगड्याचं मोल मला पळता पळता कळलं, आणि ते आणायला ना सही लागली, ना गाडी, ना भाऊ. त्या बाईने एका वाक्यात निकाल दिला, आणि तो ऐकायला तू नव्हतीस. तुला तो आधी कुणी सांगितला असता तर तू सही केली असतीस का? बहुतेक केली असतीस. बाल्या रडला असता आणि तू केली असतीस. हे मला माहीत आहे आणि म्हणूनच मला तुझा राग येतो. आज, हे लिहितानासुद्धा.

मर्सिडीज नावाच्या त्या मुलीबद्दल मी मागाहून आणखी वाचलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. तिच्या बापाने पुढे आपल्या आडनावाला तिचं नाव जोडून घेतलं म्हणे. तेवढं मी तुला सांगितलं होतं आणि तू खदखदून हसली होतीस. "मग तुज्या बापाला सांग, बालाराम मथुरा असं लिव." पण पुढचं सांगितलं नव्हतं. ती मोठी झाली, दिवस फिरले, हलाखीत राहिली आणि फार वय न होता गेली, असं कुठे कुठे लिहिलंय. तिच्या नावाच्या गाड्या तेव्हाही रस्त्यावर पळत होत्या. तू आजारी होतीस, म्हणून मी ते तुझ्याजवळ बोलले नाही. तू विचारलंही नाहीस. कदाचित तुला वज्रेश्वरीलाच कळलं होतं.

दया या शब्दावर मी पूर्वी तुटून पडायचे. बाबांना तुझी दया यायची, त्यांचं प्रेमही होतं, म्हणून त्यांनी तुला काचेवर बसवलं. पण तू दिलंस त्याला काय म्हणायचं? अर्धी जमीन सोडून दिलीस आणि वर अनोळखी पोरीच्या नावाने नारळ-तांदूळ घातलेस. मला वाटतं, दया बाबांनी नाही केली, तूच केलीस. त्या गाडीवर, बाबांवर, माझ्यावरही. आणि तीच सगळ्यांनी वापरून घेतली.

आज दुपारी मी बाबांना सांगितलं. उद्या मी कचेरीत येणार नाही. ते गाडी पुसत होते. फडकं हातात तसंच राहिलं.

"भावाशी वैर घेनार?"

"वैर नाही. सही नाही, एवढंच."

"तुज्या आत्यानं केली."

"म्हणूनच."

मग त्यांनी ते म्हटलं, जे ते म्हणतील हे मला माहीत होतं. "उद्या तू मेलीस तर तुज्यावर लुगडं कोन टाकंल?"

मी म्हणाले, "आत्यावर कुणी टाकलं, बाबा?"

 मी उत्तर जिंकण्यासाठी दिलं नव्हतं, पण ते त्यांना लागलं, कारण त्या नाक्यावर स्टिअरिंगवर डोकं ठेवून ते कशासाठी रडले हे आम्हां दोघांना ठाऊक आहे. ते गाडीत जाऊन बसले. दार लावून घेतलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. माझा भाऊ जेवायला बसला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. माझ्या कुठल्याच पत्रकात या शांततेबद्दल काही लिहिलेलं नाही, आत्या. भाऊबीजेला दार उघडेल की नाही मला माहीत नाही. तू ज्याला घाबरलीस त्याला आज मीही घाबरले आहे, आणि तू मूर्ख नव्हतीस.

रवीने तुझ्या फळीवरचा डबा मला दिला. राखेत वाल आहेत. भात कापून झालाय, खाडीकडच्या तुकड्यात अजून ओल आहे. उद्या सकाळी, बाबा कचेरीत वाट बघत असतील तेव्हा, मी त्या फाटकाशी जाईन. पायी. रखवालदार विचारील, किससे मिलना है. मी त्याला सांगीन की वाल लावायचा आहे, आणि या वेळी मागून कुणाचा हॉर्न येईपर्यंत थांबणार नाही.

काचेवर तुझं नाव आहे तसं राहू दे, असं मी बाबांना म्हटलं. माझं नको. माझं त्या तुकड्यावर आहे, तिथेच राहील.